तिसरी गोणी

45 किलो युरियाची गोणी आज 266 रुपये 50 पैशांना मिळते. किलोला सहा रुपयेही पडत नाहीत. घरातलं मीठ याहून महाग असतं. शेजारच्या थप्पीतली डीएपीची 50 किलोची गोणी 1,350 रुपयांची, आणि पोटॅश त्याहून महाग. एप्रिल 2010 पासून सरकारनं स्फुरद-पालाशाच्या खतांना अन्नद्रव्यांच्या हिशेबानं अनुदान सुरू केलं, युरिया मात्र त्यातून बाहेर राहिला. तेव्हापासून दरांतलं हे अंतर वाढतच गेलं. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या बिडकीनला माझं कृषी सेवा केंद्र आहे आणि घरची शेतीही आहे. पीक जरा पिवळं दिसलं की शेतकऱ्याचा हात आधी सगळ्यात स्वस्त खताकडे जातो, हे मी काउंटरमागून दर खरिपात पाहतो. "भाऊ, मका पिवळा पडलाय, अजून एक गोणी लिहा." पिवळा कशानं पडलाय, हे विचारायला त्या गर्दीत ना त्याला वेळ असतो, ना दुकानदाराला.

मी खताच्या विरोधात नाही. खत विकूनच माझं घर चालतं. आमच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत नत्र मुळातच कमी, सेंद्रिय कर्बही कमी. नत्राशिवाय मक्याचं कणीस भरत नाही, हे कुणीही सांगेल. माझं म्हणणं फक्त जादा पडणाऱ्या गोणीबद्दल आहे. मक्याच्या एकरात ती तिसरी असते, बाजरीत दुसरी. ती पिकाच्या पोटात जात नाही. ती कुठं जाते हे आमच्या वस्तीवरच्या विहिरीच्या पाण्यानं दाखवून दिलं, म्हणून हे लिहायला बसलो.

आमच्याकडे मका वाढतोय. बोंडअळीला आणि वेचणीच्या मजुरीला कंटाळलेल्यांनी कापूस कमी केला. इथेनॉलमुळे मक्याला मागणी आली आणि रानंच्या रानं मक्याखाली गेली. दुसरीकडे औरिकच्या औद्योगिक वसाहतीसाठी बिडकीन परिसरातली सुमारे आठ हजार एकर जमीन गेली. ज्यांच्याकडे चार-दोन एकर उरली ते त्याच तुकड्यातून जास्तीत जास्त काढायला बघतात. बैल गेले, शेणखत गेलं, मूग-उडदाचा बेवडही कमी झाला. त्या सगळ्याची भरपाई पांढऱ्या गोणीतून करायची, असा आता रिवाजच पडला आहे. त्या माणसाची अडचण खरी आहे. म्हणून त्याला नुसतं 'खत कमी टाका' म्हणून भागत नाही, किती कमी आणि कसं ते सांगावं लागतं.

आमची वस्ती गावापासून जरा बाजूला, नाल्याच्या अंगाला, खोलगट जागी आहे. वरच्या बाजूला मक्या-गव्हाची रानं, बरीचशी भावकीतलीच. विहिरीला बारमाही पाणी, चवीला गोड आणि नितळ. पुतणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आशा सेविकांनी आल्या आल्या विचारलं, "पाणी कुठलं पिता? तपासून घेतलंय का?" विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडत होतं, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यांनी आग्रह धरला म्हणून बाटली भरून प्रयोगशाळेत दिली. जंतूंच्या बाबतीत पाणी चांगलं निघालं. नायट्रेटच्या रकान्यातला आकडा मात्र मर्यादेच्या दीडपट होता.

प्यायच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर नको, असं भारतीय मानक सांगतं. मोठ्या माणसाला एकदम काही होत नाही, म्हणून हे पाणी वर्षानुवर्षं बिनबोभाट प्यायलं जातं. धोका आहे तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, विशेषतः ज्याला वरचं किंवा पावडरचं दूध पाण्यात कालवून दिलं जातं त्याला. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं आणि ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. बाळाचे ओठ, नखं निळसर दिसायला लागतात. 1945 मध्ये अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरींचं पाणी मिळालेल्या तान्ह्या बाळांमध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं. आमचं बाळ आईच्या दुधावर होतं, त्याला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून त्या घरात लहानांसाठी त्या विहिरीचं पाणी वापरणं बंद झालं.

इथं एक गोष्ट प्रत्येक घरानं लक्षात ठेवावी. पाणी उकळल्यानं नायट्रेट जात नाही. वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतं. तुरटी, टीसीएल, कँडलचा साधा फिल्टर यांचाही त्यावर उपयोग नाही. आरओनं कमी होतं, नाहीतर दुसऱ्या स्रोताचं पाणी आणावं लागतं. बाळासाठी पाणी उकळून घेतलं की आपण निर्धास्त होतो, आणि नेमकी तिथंच गफलत होते.

आता हे नायट्रेट आलं कुठून? आधी उकिरडा आणि शौचालयाचा शोषखड्डा बघावा, कारण दोन्हींतून ते झिरपतं. विहिरीच्या वरच्या अंगाला यांपैकी काही असेल तर ते आधी हलवा. आमच्याकडे दोन्ही उताराच्या खाली आहेत. मग मी दुकानातल्या नोंदी काढल्या. पॉस मशीन आल्यापासून कुणी किती गोण्या नेल्या हे आधारसकट नोंदलेलं असतं. विहिरीच्या वरच्या रानांत मक्याला एकरी काय पडतंय ते जोडून पाहिलं. बहुतेकांचं गणित एकच निघालं: दोन गोण्या डीएपी आणि तीन गोण्या युरिया.

युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे एका गोणीत 20.7 किलो. डीएपीत स्फुरद 46 टक्के, आणि सोबत 18 टक्के नत्रही असतं. एका गोणीमागे हे 9 किलो नत्र हिशेबात कुणी धरतच नाही. दोन डीएपीचे 18 आणि तीन युरियाचे 62, म्हणजे एकरी 80 किलो नत्र झालं. संकरित मक्याची नेहमीची शिफारस हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश. एकराला ती 48, 24 आणि 16 किलो येते. एक गोणी डीएपी, जेमतेम दोन गोण्या युरिया आणि साधारण 27 किलो म्युरेट ऑफ पोटॅश, एवढ्यात ती पूर्ण होते. भरपूर पाणी आणि जोमदार वाण असेल तर काही ठिकाणी हेक्टरी 150 किलोपर्यंत नत्र सांगतात. तेही धरलं तरी एक डीएपी आणि अडीच युरियात भागतं. म्हणजे नेहमीच्या शिफारशीपेक्षा एकरी तीसेक किलो नत्र वर जातंय, आणि दुसऱ्या डीएपीसह सोळाशेच्या वर रुपयेही.

दुसऱ्या बाजूनंही हिशेब करून बघा. एक क्विंटल मक्याच्या दाण्यातून साधारण दीड किलो नत्र शेताबाहेर जातं. एकरी तीस क्विंटल उतारा आला तर दाण्यातून 45 किलोच्या आसपास गेलं. ताटं रानात मोडून टाकली तर त्यांतलं नत्र जमिनीलाच मिळालं. मग वरचं नत्र राहिलं कुठं?

त्याला तीन वाटा आहेत, आणि आमची जमीन तिन्ही वाटा मोकळ्या करून देते. पहिली वाट हवेची. ओल्या रानावर युरिया वरून फेकला, दुपारी ऊन पडलं, की बांधावर उभं राहिलं तरी नाकाला झणका बसतो. तो अमोनिया. चुनखडीच्या, विम्लधर्मी जमिनीत युरिया वर उघडा राहिला तर परिस्थितीनुसार पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, पहिल्या आठवड्यातच असा उडून जातो. शेतकरी वास घेतो आणि 'खत लागू झालं' म्हणतो; प्रत्यक्षात पैसे उडताना त्याला वास येत असतो.

दुसरी वाट पाण्याची. युरियाचं जमिनीत शेवटी नायट्रेट होतं. चिकणमातीचे कण ऋणभारित, नायट्रेटही ऋणभारित. माती त्याला धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर सोडून देते. भारी काळी जमीन पाणी धरते म्हणून तिच्यातून काही खाली जात नाही, असं आपल्याला वाटतं. पण उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा याच जमिनीला पडतात. पेरणीआधी रानात खत विस्कटलेलं असेल आणि जूनमधला पहिला दणका आला, तर पाणी मातीत मुरत बसत नाही, भेगांतून सरळ खाली जातं. खाली मुरूम, त्याखाली सांधे-फटी असलेला काळा पाषाण, आणि त्या फटींतूनच आपल्या विहिरीला झरे लागतात.

तिसरी वाट साचलेल्या पाण्याची. रानात दोन-तीन दिवस पाणी तुंबलं की मातीत हवा उरत नाही, आणि तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून नत्र वायुरूपात सोडून देतात. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट उष्णता धरतो. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली त्यात पिकं दिवसचे दिवस पाण्यात उभी होती. पाणी ओसरताच पिवळ्या पडलेल्या मक्याला युरिया टाकायला माणसं दुकानात आली. पण तेव्हा मुळं गुदमरलेली असतात, त्यांना खत घेताच येत नाही. आधी चर काढून पाणी काढा, वापसा येऊ द्या, एक कोळपणी करा. नवं पान हिरवं निघतंय का ते बघा आणि मगच उरलेला हप्ता द्या.

ही एका वस्तीची गोष्ट नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशातल्या 440 जिल्ह्यांत कुठं ना कुठं नायट्रेट मर्यादेच्या वर सापडलं, आणि महाराष्ट्रातल्या नमुन्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा त्यात होता. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आपल्या शेजारचं बीड आणि जळगाव आहे, नांदेड आणि बुलढाणाही आहे. आमच्याकडचे ओढे-नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात. त्या नदीवरच्या नाथसागर धरणाचं पाणी अख्खं संभाजीनगर शहर पितं. नदी-धरणांत पोषकद्रव्यं जातात ती शहराच्या सांडपाण्यातून आणि कारखान्यांतूनही, हे खरं आहे, आणि त्यांना जाब विचारलाच पाहिजे. म्हणून आपल्या बांधावरून जाणारं मोजायचंच नाही, असं होत नाही.

आता करायचं काय, ते सांगतो.

पहिलं, माती तपासा. मृदा आरोग्य पत्रिका 2015 पासून मिळते आहे. पण पुष्कळ घरांत ती रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेली असते आणि खत घ्यायला येताना कुणी सोबत आणत नाही. नमुना एप्रिल-मे मध्ये, रान रिकामं असताना घ्या. झाडाखाली, बांधालगत, उकिरड्याच्या किंवा जनावरं बांधण्याच्या जागी घेऊ नका. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून बाजूची माती खरवडायची, एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. माती खताच्या रिकाम्या गोणीत मात्र कधीच भरायची नाही. गोणीला चिकटलेलं खत अहवालच बिघडवतं. नमुना सरकारी प्रयोगशाळेत किंवा पैठण रोडवरच्या कृषी विज्ञान केंद्रात देता येतो.

दुसरं, नत्र हप्त्यांनी द्या. मक्याला एक तृतीयांश पेरणीला, एक तृतीयांश महिन्याच्या आसपास, उरलेलं चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, तुरा निघायच्या आधी. रोप वीतभर असताना सगळं टाकून मोकळं होण्यात मजुरी वाचते, पण एवढंसं मूळ तेवढं नत्र घेऊच शकत नाही. बागायती गव्हाला अर्धं पेरणीसोबत आणि अर्धं एकविसाव्या दिवसाच्या सुमारास, मुकुटमुळं फुटताना. बाजरीला हेक्टरी 60 किलो नत्र म्हणजे एकराला 24 किलो. अर्धी गोणी डीएपी आणि एका गोणीहून थोडा कमी युरिया, बस. दुसऱ्या गोणीनं बाजरी उंच होते आणि वाऱ्यात लोळते. कोरडवाहू शाळूला वरून खत देण्यात अर्थच नाही, कारण रब्बीत वरची माती सुकलेली असते. शिफारशीचं सगळं नत्र पेरतानाच दोन चाड्यांच्या पाभरीनं बियाण्याच्या खाली, ओलीत पडलं पाहिजे. आमच्या आजोबांच्या पिढीकडे रासायनिक खत नव्हतं, पण ओल कुठं आहे आणि दाणा किती खोल गेला पाहिजे याचं भान पक्कं होतं. आता ट्रॅक्टरवर खत-बियाण्याची पेटी आली, ते काम आणखी सोपं झालं.

तिसरं, आणि माझ्या मते यात सगळ्यात मोठा फायदा आहे: युरिया मातीआड करा. मक्याच्या ओळीपासून चार बोटं अंतरावर पट्टीनं टाका आणि मागून लगेच कोळपं फिरवा. दोन बोटं माती वर आली तरी अमोनियाची वाट बंद होते. गव्हात कोळपं चालत नाही. तिथं युरिया टाकून लगेच बेताचं पाणी द्या, म्हणजे तो मुळाशी जाईल. वाफा तुडुंब भरलात तर मुळाच्याही खाली जाईल. पाऊस लागून आहे, अंदाज मोठ्या पावसाचा आहे, अशा दिवशी खत घरात राहू द्या. मेघदूत अ‍ॅपवर अंदाज मिळतो. पाच मिनिटं त्यावर घालवली तर गोणी वाचते.

डीएपीचं वेगळंच आहे. स्फुरद पाण्याबरोबर फारसा खाली जात नाही, चुनखडीत अडकून बसतो. दरवर्षी दुसरी गोणी टाकली की जमिनीत त्याचा साठा वाढतो आणि पिकाला जस्त उचलायला अडचण होते. मक्याच्या कोवळ्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढरट पट्टे दिसतात ते जस्ताच्या कमतरतेचे. त्याला पिवळं म्हणून युरिया दिला जातो आणि रोग तसाच राहतो. माती तपासणीत जस्त कमी निघालं तर एकरी दहा किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या, डीएपीत मिसळू नका. वरची माती पावसात वाहून गेली की तिच्यासोबत स्फुरदही नाल्यात जातो. म्हणून उताराला आडवी पेरणी आणि बांधावरचं गवत हे खत वाचवण्याचंच काम आहे.

बियाण्याला अ‍ॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया स्वस्तात होते, ती करा. तुरीचं आंतरपीक घ्या, शाळूच्या आधी मूग घेता आला तर घ्या. युरिया 2015 पासून कडुनिंबाचा लेप असलेलाच येतो. त्यानं नायट्रेट व्हायचा वेग थोडा कमी होतो, पण जादा गोणीला लेपही वाचवत नाही. नॅनो युरियाबद्दल रोज विचारणा होते. सुरुवातीच्या 4 टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 20 ग्रॅम नत्र होतं, नव्या 20 टक्क्यांच्या बाटलीतही शंभर ग्रॅमच्या आसपास, गोणीत 20.7 किलो. पंजाब कृषी विद्यापीठानं दोन वर्षं प्रयोग केले, त्यात नत्राचा हप्ता कापून त्याऐवजी नॅनो युरिया फवारल्यावर भात-गव्हाचं उत्पादन घटलं. फवारणी करायची तर करा, पण गोणीच्या जागी बाटली धरू नका. आणि युरियासोबत कुणी भलतंच औषध किंवा खत गळ्यात मारत असेल तर पावती मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. ही सक्ती बेकायदा आहे, हे मी दुकानदार असूनच सांगतो.

एवढं सांगूनही माणसाची भीती जात नाही, आणि ती जावी अशी अपेक्षाही चूक आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला आमच्या भावकीतले नाना आहेत. मी म्हणालो, "नाना, यंदा तिसरी गोणी राहू द्या." ते म्हणाले, "अन् काळोखी नाही धरली तर? तुझं काय जातंय, उतारा माझा घटायचा." त्यांचं बरोबरच होतं. म्हणून सगळ्या रानाचा निर्णय करायचाच नाही, असं ठरलं. मधल्या काही ओळी निवडल्या, त्यांना एक डीएपी, दोन युरिया, पोटॅश आणि कोळपं. बाकीच्या रानात त्यांची नेहमीची रीत. ओळींच्या टोकाला चुन्यानं रंगवलेल्या खुंट्या ठोकल्या. श्रावणात दोन्हींत फरक दिसत होता: जादा खताचा मका काळाभोर आणि उंच, शेजारचा नुसता हिरवा. नाना रोज तिकडे बघत आणि माझ्याकडे बघत. पुढे वारा-पाऊस झाला तेव्हा काळाभोर मका जागोजागी आडवा झाला. काढणीला दोन्हींकडच्या सारख्या लांबीच्या ओळींतली कणसं वेगवेगळी सोलून काट्यावर ठेवली. वजनात सांगण्यासारखा फरक नव्हता. पुढच्या हंगामात नानांनी स्वतःच दोन गोण्या लिहून घेतल्या, आणि दुकानात उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला ओळींची गोष्ट सांगितली. माझ्या सांगण्यापेक्षा त्यांच्या काट्याचं माणसं जास्त ऐकतात. ज्याला शंका आहे त्यानं आपल्या रानात अशाच दहा-बारा ओळी करून बघाव्यात. त्यात नुकसान झालं तरी ओळींपुरतंच.

चीनमध्ये 2005 ते 2015 या काळात हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. शास्त्रज्ञ, विस्तार कर्मचारी आणि खत विक्रेते मिळून सुमारे दोन कोटी लहान शेतकऱ्यांबरोबर मका, भात आणि गव्हात काम करत राहिले. उत्पादन सरासरी 11 टक्क्यांच्या आसपास वाढलं आणि नत्राचा वापर 15 ते 18 टक्क्यांनी उतरला. त्यात खत विक्रेते होते, हे वाचून मला बरं वाटलं. शेतकरी कृषी सहायकाला हंगामात एखाद्या वेळी भेटतो, दुकानदाराला दर आठवड्याला. माझ्या धंद्यातल्या सगळ्यांनी गोणी उचलून देण्याआधी एवढंच विचारावं: पीक किती दिवसांचं, आधी काय टाकलं, रानात वापसा आहे का.

विहिरीचं पाणी मात्र एका हंगामात सुधारत नाही. खडकात मुरलेलं नायट्रेट निघायला वर्षं लागतात. पण ते पाणी आपण शेताला देतोच, तर त्यातलं नत्र पिकाला खाऊ घालता येतं. आमच्या विहिरीचा आकडा मर्यादेच्या दीडपट, म्हणजे लिटरमागे साधारण 67 मिलिग्रॅम नायट्रेट. त्यातलं निव्वळ नत्र 15 मिलिग्रॅम. गव्हाच्या एका पाळीला सहा सेंटिमीटर पाणी धरलं तर एकराला जवळपास दोन लाख त्रेचाळीस हजार लिटर जातं, आणि त्यातून साडेतीन किलोच्या वर नत्र. पाच पाण्यांत अठरा किलो. म्हणजे जवळपास एक गोणी युरिया विहिरीतूनच रानात येतो. सगळाच पिकाला लागत नाही, म्हणून निम्मा धरावा आणि गव्हाच्या वरच्या हप्त्यातून अर्धी गोणी वजा करावी. त्यासाठी पाण्याचा अहवाल हवा. एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळून घ्या, पंप थोडा वेळ चालल्यावर भरा, बूच घट्ट लावा, गाव, गट नंबर आणि तारीख लिहा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीनंतर, गव्हाच्या पेरणीआधी.